उल्लेखांची संख्या आणि ग्रंथाचें प्रामाण्य

एखाद्या धर्मशास्त्रग्रंथाचें महत्त्व ठरवावयाचें झाल्यास त्याचा उल्लेख न्यायालयांच्या निर्णयांत किती वेळां आला आहे, हें पाहण्याची रीत आपल्या अभ्यासकांत रूढ झाली आहे. मिताक्षरेचें नांव पानोपानीं येतें, मुंबई इलाख्यापुरतें व्यवहारमयूखाचें नांव तिच्या खालोखाल येतें, आणि दत्तकाच्या प्रकरणांत दत्तकमीमांसा व दत्तकचंद्रिका यांवांचून पान हालत नाहीं. यावरून हेच ग्रंथ पूर्वीं लोकांत प्रमाण होते, व ज्यांचीं नांवें आढळत नाहींत ते अडगळींत पडलेले होते, असें अनुमान काढण्यांत येतें. या अनुमानाचा परिणाम हस्तलिखितांच्या संग्रहांवरही होतो. मिताक्षरेची पोथी हातीं आली म्हणजे तिची नोंद काळजीनें होते. पण अप्रसिद्ध निबंधाचीं तुटक पानें असलीं तर तीं ‘किरकोळ धर्मशास्त्र’ या सदराखालीं एका रुमालांत बांधलीं जातात आणि बहुधा पुन्हा सोडलीं जात नाहींत.

हें अनुमान कितपत टिकतें, हें तपासून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. आमच्या मतें न्यायनिर्णयांतील उल्लेखांवरून ग्रंथाचें प्रामाण्य थोडें कळतें; तो ग्रंथ न्यायाधीशाच्या मेजापर्यंत कोणत्या वाटेनें पोंचला, हें मात्र पुष्कळ कळतें. या दोन गोष्टी वेगळ्या न केल्यामुळें महाराष्ट्राच्या धर्मशास्त्रीय इतिहासांत कांहीं चुकीचे समज स्थिर होऊन बसले आहेत.

आधीं एक भेद स्पष्ट केला पाहिजे. वकिलास उल्लेख मोजण्याचें कारण असतें. अमेरिकेंत फ्रँक शेपर्ड यानें १८७३ पासून कोणत्या निर्णयाचा पुढें कोठें कोठें उल्लेख झाला याच्या याद्या छापण्यास आरंभ केला, तो हा निर्णय अद्याप चालतो कीं मोडला गेला, एवढें वकिलास समजावें म्हणून. तें साधन त्या कामास योग्यच होतें. इतिहासकाराचा प्रश्न निराळा आहे. अमुक ग्रंथ अमुक प्रांतांत कोणी वाचला, कोणी शिकविला आणि कोणी आचरिला, हें त्यास पाहिजे असतें. वकिलाचें माप त्या प्रश्नास लावण्यापूर्वीं तें माप कसें तयार झालें हें पाहणें अवश्य आहे.

इंग्रजी अमलांतील न्यायालयांच्या इतिहासांत १८६४ हें साल या दृष्टीनें मोठ्या फरकाचें आहे. त्यापूर्वीं न्यायालयास शास्त्री नेमलेला असे. न्यायाधीश प्रश्न लिहून देई व शास्त्री व्यवस्था लिहून देऊन तिच्याखालीं आधारग्रंथांचीं नांवें घाली. शास्त्र्यानें जो ग्रंथ पढलेला असेल, ज्याची पोथी त्याच्या घरीं किंवा गुरुगृहीं असेल, तो ग्रंथ अशा रीतीनें कोर्टाच्या दप्तरांत येई. १८६४ च्या अकराव्या कायद्यानें हीं शास्त्र्यांचीं पदें रद्द झालीं. न्यायाधीशांस धर्मशास्त्र स्वतः ठाऊक आहे असें तेव्हांपासून मानण्यांत येऊं लागलें. आणि बहुतेक न्यायाधीशांस संस्कृत येत नसल्यामुळें जें इंग्रजींत उतरलें होतें तेवढेंच त्यांस ठाऊक होऊं शकत होतें. म्हणून १८६४ नंतरच्या उल्लेखांत पहिला प्रभाव भाषांतराचा आहे.

त्या वेळीं इंग्रजींत काय उतरलें होतें? मनुस्मृतीचें जोन्सकृत भाषांतर १७९४ मध्यें निघालें होतें. कोलब्रुकनें १८१० मध्यें कलकत्त्यास जीमूतवाहनाचा दायभाग व मिताक्षरेंतील दायविभाग हीं दोन प्रकरणें एकाच पुस्तकांत प्रसिद्ध केलीं. मिताक्षरा हा ग्रंथ कल्याणीच्या सहाव्या विक्रमादित्याच्या काळचा (१०७६–११२६) असून आचार, व्यवहार व प्रायश्चित्त या तीन अध्यायांचा आहे. कोलब्रुकनें त्यांतील एका अध्यायाचा एक भाग तेवढा भाषांतरास घेतला. पुढें कित्येक वर्षें न्यायालयांत ‘मिताक्षरा’ या शब्दाचा अर्थ कोलब्रुकचें तें पुस्तक असाच होता. उल्लेख मिताक्षरेचे मोजले जातात, पण ते एका प्रकरणाचे आहेत, ही गोष्ट मोजणाराच्या ध्यानांत राहत नाहीं.

याचा परिणाम केवढा झाला तें सपिंड या एका शब्दावरून दिसेल. विज्ञानेश्वरानें सपिंड शब्दाचा अर्थ आचाराध्यायांत, विवाहाच्या प्रकरणीं सांगितला आहे. पिंड म्हणजे शरीर, आणि एकाच शरीराचे अवयव ज्यांच्या ठायीं उतरले ते सपिंड, असा त्याचा आशय आहे. पिंडदानावरून वारसा ठरविण्याची कल्पना जीमूतवाहनाची, विज्ञानेश्वराची नव्हे. परंतु आचाराध्याय भाषांतरांत आला नव्हता, आणि दायविभागांतील सपिंड शब्दाचें इंग्रजी करितांना कोलब्रुकनें पिंडदानानें जोडलेला असाच अर्थ घातला. त्यामुळें बंगालचा अर्थ मिताक्षरेच्या नांवानें इतर प्रांतांत शिरला. वेस्ट व ब्यूलर यांनीं मुंबई इलाख्यांतील न्यायालयांच्या शास्त्र्यांच्या व्यवस्था गोळा करून आपला संग्रह १८६७ व १८६९ मध्यें काढिला, तेव्हां आचाराध्यायांतील मूळ उतारा न्यायाधीशांच्या नजरेस आला. लल्लुभाई बापुभाई विरुद्ध मानकुंवरबाई या १८७६ च्या प्रसिद्ध खटल्यांत मुंबई हायकोर्टानें त्याचा विचार केला. आणि गोत्रज सपिंडाच्या विधवेस वारसा पोंचतो, हा या इलाख्यांतील नियम शास्त्र व वहिवाट या दोहोंच्या आधारें मान्य झाला. प्रिव्ही कौन्सिलनें १८८० मध्यें तो कायम केला. कोणतें पान भाषांतरित झालें व कोणतें राहिलें, यावर विधवांचे हक्क अवलंबून होते, हें यावरून उघड होतें. ज्या उताऱ्याचा उल्लेख दीर्घकाळ झाला नाहीं, तो दुर्बळ होता म्हणून नव्हे. तो कोणास वाचतां येत नव्हता म्हणून.

दुसरा प्रभाव भाषांतरकार कोठें बसला होता, याचा. व्यवहारमयूखाचें पहिलें इंग्रजी भाषांतर बोरॅडेल यानें केलें व तें १८२७ मध्यें सुरतेस छापलें गेलें. मयूखकर्ता नीळकंठ हा पैठणहून काशीस गेलेल्या भट्ट घराण्यांतला. नारायणभट्टाचा नातू व शंकरभट्टाचा पुत्र. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत सेंगर कुळांतील भगवंतदेव याच्या आश्रयानें त्यानें भगवंतभास्कर या नांवाखालीं बारा मयूख रचिले. त्याच घराण्यांत, त्याच नगरींत व त्याच काळांत त्याचा चुलतभाऊ कमलाकरभट्ट हाही ग्रंथ लिहीत होता. कमलाकराचा निर्णयसिंधु १६१२ मधील असून महाराष्ट्रांतील भिक्षुकांच्या घरीं त्याची पोथी नाहीं असें क्वचित् होई. याच कमलाकरानें व्यवहारावर विवादतांडव नांवाचा ग्रंथ केला आहे. विषय एक, घराणें एक, विद्यापरंपरा एक. पण मयूखास १८२७ मध्यें इंग्रजी अंगरखा मिळाला, विवादतांडवास तो मिळाला नाहीं. न्यायनिर्णयांत मयूखाचे उल्लेख विपुल व विवादतांडवाचे विरळ कां, याचें कारण केवळ दोन चुलतभावांच्या विद्वत्तेंत शोधीत बसणें म्हणूनच व्यर्थ आहे.

याहून बोलकें उदाहरण अपरार्काचें आहे. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही विस्तृत टीका बाराव्या शतकांतील उत्तर कोंकणच्या शिलाहार राजा अपरादित्याच्या नांवावर आहे. त्यानें तेजःकंठ नांवाचा आपला दूत काश्मीरच्या पंडितसभेंत पाठविल्याची हकीकत मंखाच्या श्रीकंठचरितांत आली आहे, आणि काश्मिराकडे या टीकेस मान होता. आतां न्यायालयांनीं उत्तर कोंकणांत कोणता ग्रंथ श्रेष्ठ मानिला? काशींत लिहिलेला मयूख. त्याच भूमीच्या राजाचा ग्रंथ मात्र आनंदाश्रमानें १९०३–०४ मध्यें छापून काढीपर्यंत पोथ्यांतच होता. आणि तोंवर पूर्वनिर्णयांची चौकट बसून गेली होती. छापून निघाला तोही संस्कृतांत. उल्लेखांच्या संख्येवरून जो कोणी असें म्हणेल कीं अपरार्क कोंकणांत अप्रमाण होता, तो मुद्रणाच्या इतिहासास धर्मशास्त्राचा इतिहास समजत आहे.

तिसरा प्रभाव एका बांधणीचा आणि त्यांतून उत्पन्न होणाऱ्या पुनरुक्तीचा. व्हिटली स्टोक्स यानें १८६५ मध्यें, म्हणजे शास्त्र्यांचीं पदें रद्द झाल्यावर दुसऱ्याच वर्षीं, मद्रासेस एक पुस्तक काढिलें. त्यांत पूर्वीं झालेलीं भाषांतरें एकत्र बांधलीं होतीं; व्यवहारमयूख, दायभाग, मिताक्षरा, दत्तकमीमांसा आणि दत्तकचंद्रिका हीं पांच त्यांत होतीं. ज्या पांच ग्रंथांचीं नांवें निर्णयांत सर्वांत अधिक ऐकूं येतात ते हेच पांच, ही गोष्ट केवळ योगायोगाची म्हणतां येणार नाहीं. एकदां निर्णयांत नांव आलें म्हणजे पुढचा न्यायाधीश मागच्या निर्णयाचा आधार घेतो, आणि त्याबरोबर ग्रंथाचें नांवही पुन्हा उतरतें. असे दहा उल्लेख म्हणजे दहा साक्षी नव्हेत. एका साक्षीच्या त्या दहा नकला होत. मूळ पोथी व तिच्या नकला यांतील फरक ज्यांस सहज कळतो, त्या आमच्या वाचकांस हें अधिक सांगावयास नको.

दत्तकचंद्रिकेची गोष्ट या पुनरुक्तीचें टोंक आहे. सदरलंडनें या ग्रंथाचें व नंदपंडिताच्या दत्तकमीमांसेचें भाषांतर १८२१ मध्यें प्रसिद्ध केलें. चंद्रिकेचा कर्ता कुबेर असें सांगितलें जातें. परंतु हा ग्रंथ प्राचीन नसून कोलब्रुकच्या पदरचा पंडित रघुमणि विद्याभूषण यानें तो रचिला, अशी बंगालांत परंपरा आहे. आणि शेवटच्या श्लोकाच्या दोन्ही ओळींचीं आद्य व अंत्य अक्षरें क्रमानें जुळविलीं असतां रघुमणि हेंच नांव निघतें. असें असून सर्व हिंदुस्थानांत दत्तकाविषयीं ही जोडी प्रमाण आहे, असें एका इंग्रज ग्रंथकाराचें विधान प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलें व तेथून परत प्रांतोप्रांतीं आलें. विश्वनाथ नारायण मंडलिक यांनीं १८८० च्या आपल्या व्यवहारमयूखाच्या आवृत्तींत पश्चिम हिंदुस्थानापुरता या समजास स्पष्ट विरोध केला. १८९९ मध्यें भगवानसिंग खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलपुढें ही शंका विचारास आली. हे ग्रंथ जेथें स्मृतिवचनांपलीकडे जातात तेथें सावधगिरी राखावी, इतकें कौन्सिलनें मान्य केलें. पण ते दीर्घकाळ कायद्यांत रुजले आहेत, म्हणून त्यांचें प्रामाण्य सरसहा झुगारतां येत नाहीं, असाही अभिप्राय दिला. कायद्याच्या स्थैर्याच्या दृष्टीनें हें समजण्यासारखें आहे. इतिहासाच्या दृष्टीनें त्याचा अर्थ असा कीं उल्लेख होत आले म्हणून प्रामाण्य मिळालें. प्रामाण्य होतें म्हणून उल्लेख झाले असें नव्हे.

येथें विरुद्ध पक्षाचें म्हणणें नीट ऐकून घेतलें पाहिजे. मयूख केवळ बोरॅडेलमुळें मोठा झाला काय? नाहीं. १८२७ मध्यें स्टील यानें दक्षिणेंतील हिंदूंच्या कायदा व रिवाजांचा जो सारांश छापला, त्यांत पुण्याकडील शास्त्र्यांनीं मानिलेल्या ग्रंथांची माहिती आहे. वेस्ट-ब्यूलरांच्या संग्रहांतील व्यवस्थांवरूनही मयूख शास्त्र्यांच्या नित्य हातांतला होता असें दिसतें. मराठी अमलाबरोबर तो गुजराथेंत गेला असावा, या मतांतही तथ्य आहे. विधवेनें दत्तक घेण्याचा प्रश्न पाहा. नंदपंडिताच्या मतें विधवेस दत्तक घेतांच येत नाहीं. नीळकंठाच्या मतें पतीची अनुज्ञा नसली तरी तिला तो घेतां येतो. अनंतदेवाच्या संस्कारकौस्तुभाचा कल नीळकंठाकडेच आहे, आणि महाराष्ट्राची वहिवाटही तशीच होती. मदुरेच्या कलेक्टरच्या १८६८ च्या खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलनें या एका वसिष्ठवचनाचे प्रांतपरत्वें झालेले चार अर्थ नमूद केले, आणि वहिवाट स्पष्टपणें सिद्ध झाली असतां ती ग्रंथवचनाहून बलवत्तर ठरते, असें सांगितलें. एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनांतही देशरिवाजास आधीं स्थान होतें. तेव्हां मयूखाचे उल्लेख जेथें वहिवाटीशीं जुळतात, तेथें ते खऱ्या मान्यतेचे द्योतक आहेत हें आम्ही आनंदानें मान्य करितों.

भाषांतर नसलेला ग्रंथ कधींच पुढें येत नसे, असेंही आमचें म्हणणें नाहीं. १८६८ मध्येंच गिरिधारीलाल राय यांच्या खटल्यांत बंधूंची यादी केवळ उदाहरणादाखल आहे, हें ठरवितांना मित्रमिश्राच्या वीरमित्रोदयाचा आधार घेण्यांत आला. त्यांतील दायप्रकरणाचें गोलापचंद्र सरकार यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर पुढें १८७९ मध्यें निघालें. पण या अपवादासही वाट होती. कोलब्रुकनें मिताक्षरेच्या भाषांतराखालीं दिलेल्या टीपांत वीरमित्रोदय, सुबोधिनी व बाळंभट्टी यांतील मतें येतात. दुसऱ्याच्या टीपेंत शिरलेला ग्रंथही पुढें स्वतःच्या नांवानें वावरूं लागतो. यावरून नियम मोडत नाहीं, त्याची एक पोटवाट तेवढी दिसते.

हा सर्व प्रकार जुन्या इंग्रजी न्यायाधीशांचा होता व आतां संपला, असें कोणी समजूं नये. म. म. पांडुरंग वामन काणे यांनीं १९२६ मध्यें व्यवहारमयूखाची पाठभेदांसह चिकित्सक आवृत्ति दिली, आणि १९३० ते १९६२ या काळांत धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड पुरे केले. आज धर्मशास्त्राविषयीं लिहिणारा, मग तो अध्यापक असो कीं न्यायाधीश, बहुधा काण्यांचा हात धरून चालतो. त्यांच्या विद्वत्तेस हें शोभणारेंच आहे. पण तिच्या जोडीला विषयवार रचना, विस्तृत सूची, ग्रंथांच्या व ग्रंथकारांच्या याद्या आणि इंग्रजी भाषा या सोयीही आहेत, हें विसरूं नये. सूचींत नांव सांपडतें म्हणून उतारा सांपडतो, आणि उतारा सांपडतो म्हणून उल्लेख होतो. कित्येकदां मूळ निबंध न उघडतां काण्यांच्या पानावरून वचन उचललें जातें, व उल्लेख मात्र मूळ निबंधाच्या नांवें घातला जातो. ज्यांनीं पोथी न् पोथी पडताळली त्या काण्यांस ही रीत कधींच रुचली नसती.

मग ग्रंथाच्या खऱ्या प्रसाराचें गमक कोणतें? आमच्या मतें तें बव्हंशीं या त्रैमासिकाच्या वाचकांच्या कपाटांत आहे. पोथीच्या अखेरीस लेखकाचें नांव, शक, गांव व ती कोणासाठीं लिहिली हें असतें. मालकी बदलली तर दुसऱ्या हातचें नांव चढतें. समासांत शिकणाराच्या टिपा असतात. एखाद्या प्रकरणाचीं पानें बोटांनीं काळवंडलेलीं असतात व पुढचीं कोरीं राहिलेलीं असतात. हीं सर्व वाचल्याचीं चिन्हें आहेत. शास्त्र्यांच्या घरच्या दप्तरांत व्यवस्थापत्रांचे मसुदे सांपडतात आणि त्यांत आधारग्रंथांचीं नांवें असतात. तीं इंग्रजी भाषांतरांपूर्वींचीं असलीं तर त्यांचें मोल अधिक, कारण त्यांवर कोलब्रुकची किंवा स्टोक्सची छाया नाहीं. हेंही माप निर्दोष नव्हे. ओल, वाळवी व वांटण्या यांतून जें वांचलें तेवढेंच आपल्यापुढें येतें, आणि संग्राहकाची आवडही त्यांत मिसळते. परंतु दोन मापांचे दोष निरनिराळे आहेत. म्हणून एकानें दुसऱ्याची परीक्षा करितां येते.

यासाठीं संग्राहकांस आमची विनंती तीन गोष्टींपुरती आहे. धर्मशास्त्राच्या पोथीची नोंद करितांना ग्रंथनामावर न थांबतां लेखनशक, स्थळ व मालक हीं लिहावींत. ग्रंथ अपुरा असल्यास कोणतें प्रकरण आहे तें सांगावें. समासांतील टिपांत दुसऱ्या ग्रंथांचीं नांवें आलीं असल्यास तीं उतरून घ्यावींत. आणि व्यवस्थापत्रांचे सुटे कागद पोथीपासून वेगळे करून टाकूं नयेत. कोणत्या पोथींत कोणता कागद होता हेंही नोंदवावें. औफ्रेक्टची ग्रंथसूची व मद्रासेकडील तिची नवी आवृत्ति यांत अमुक ग्रंथाची पोथी कोठें आहे हें कळतें. ती कोणीं वाचली हें कळत नाहीं. तें काम ज्यांच्या घरीं पोथ्या आहेत त्यांनींच केलें पाहिजे.

१९५६ च्या वारसा व दत्तक या दोन कायद्यांनीं बहुतेक प्रश्नांपुरता या निबंधांचा न्यायालयांतील अंमल संपला. मयूख श्रेष्ठ कीं मिताक्षरा, यावर आतां सहसा कोणाच्या घराची वांटणी अडत नाहीं. ज्या काळांत ती अडत होती, त्या काळांत उल्लेखांचा प्रवाह एका ठराविक पाटानें वळविला गेला, व त्या पाटाबाहेर जें राहिलें तें आपण ओसाड समजलों. पक्षकार गेले, वकील गेले. त्यामुळें आतां हा हिशेब निःपक्षपातीपणें पुन्हा मांडण्यास हरकत उरली नाहीं. ‘किरकोळ धर्मशास्त्र’ म्हणून बांधून ठेविलेला रुमाल सोडण्यापासून त्यास आरंभ करितां येईल.